दऱ्या आणि दर्या

शहापूरहून किन्हवलीमार्गे मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्याशी माझा पहिला संबंध आला तो १९९८ साली. गुरुदीक्षा होऊन तीनच वर्षे झाली होती. समुद्रकाठच्या, केळीच्या बागांत वाढलेल्या मला हा प्रदेश प्रथमदर्शनी उजाड वाटला. पहिला पावसाळा पाहिल्यावर मात्र ते मत आपोआप गळून पडले. भातसा आणि तानसा ही धरणे याच शहापूर तालुक्यातली. मुंबईची तहान भागवणाऱ्या या तालुक्यातले पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहत बसतात आणि दिवाळी सरली की कातकरी कुटुंबे पोराबाळांसह वीटभट्ट्यांवर निघून जातात, हे हळूहळू कळत गेले.

तिथल्या एका वाडीवर मला मास्तर भेटले. जातीने कातकरी, शिक्षण सातवीपर्यंत, आमच्या बालवाडीत मुलांना अक्षरओळख करून देण्याचे काम त्यांच्याकडे होते. पण त्यांचे खरे वैभव संध्याकाळी प्रकट होई. खैराच्या झाडापासून कात काढणारे पूर्वज, जंगलखात्याच्या कायद्यांनी तो धंदा कसा बुडाला, कोणत्या दरीतून कोणते घराणे वर आले, कोणत्या झाडपाल्याने कोणते दुखणे बरे होते, हे सारे ते सांगत. लग्नातली गाणी तर त्यांना रात्रभर पुरत. त्याच सुमारास शहरातील एका दात्याने आमच्या मिशनला संगणक दिला होता आणि त्यावर मराठी अक्षरे उमटवणारे एक पॅकेज आम्ही विकत घेतले होते. तीन वर्षे सवड मिळेल तसे मी मास्तरांचे बोल त्या संगणकावर उतरवून घेतले. सुमारे तीनशे पाने झाली. नमुना म्हणून पहिली बारा पाने छापून त्यांच्या हाती दिली. २००१ साली बदलीचा आदेश आला तेव्हा निरोप घेताना म्हटले, "मास्तर, याचं पुस्तक छापून आणतो."

"आणा, फादर," ते म्हणाले. "मला चष्मा लागायच्या आत आणा."

मी आणले नाही. एका धर्मग्रामातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात असा प्रवास होत राहिला. शाळेची इमारत, छपराची दुरुस्ती, कोणाचा विवाह, कोणाचे वाद. २००९ मध्ये मास्तर गेले. मला ते दोन महिन्यांनी कळले. २०१९ साली पुन्हा याच भागात नेमणूक झाली आणि पहिल्याच महिन्यात वाडीवरचा एक तरुण मिशनच्या व्हरांड्यात येऊन उभा राहिला. मास्तरांचा नातू. कल्याणला राहून संगणकाचा डिप्लोमा केलेला. इकडच्या तिकडच्या चार गोष्टी झाल्यावर त्याने विचारले, "फादर, आजोबांचं पुस्तक कुठंय?"

वाचकहो, पापनिवेदन ऐकण्याची सवय असलेल्या माणसाला ते स्वतःला करावे लागते तेव्हा शब्द पटकन सापडत नाहीत. मी त्याला बिस्किटांचा पत्र्याचा डबा दाखवला. त्यात सहा फ्लॉप्या होत्या.

त्या फ्लॉप्यांतील मजकूर मी वाचू शकत नव्हतो, ही खरी गोष्ट होती. यापूर्वी दोनदा प्रयत्न करून झाला होता. ते जुने पॅकेज चालायचे तर संगणकाच्या पाठीमागे, प्रिंटर जोडण्याच्या जागी, एक लहानशी कुलुपासारखी डबी लावावी लागे. डाँगल म्हणत तिला. ती डबी बदल्यांच्या धावपळीत हरवली. नव्या संगणकांना तर ती लावण्याची जागाच उरली नव्हती. विक्रेत्याकडे चौकशी केली तेव्हा नवी आवृत्ती विकत घ्या असे उत्तर मिळाले. जुना मजकूर तिच्यात उघडेल का, याविषयी मात्र कोणी हमी देईना. पैसे मोजून घेतलेल्या वस्तूत मी माझ्या हाताने लिहिलेले शब्द, आणि त्यांची किल्ली तिसऱ्याच कोणाच्या खिशात!

ही अडचण नीट समजावी म्हणून थोडे विषयांतर करतो. आपली देवनागरी अक्षरे यंत्रात बसवणे कधीच सोपे नव्हते. फादर थॉमस स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण १६१६ साली राचोलला छापले गेले ते रोमन लिपीत, हे आपण सर्व जाणतो. पण त्याआधी, १६०८ मध्ये, रोमला पाठवलेल्या पत्रात त्यांनी या लिपीचे खिळे पाडून मिळावेत अशी विनंती केली होती आणि अडचणही मांडली होती. युरोपीय लिपीला दोन डझन खिळे पुरतात, इकडे जोडाक्षरे धरून सहाशेच्या घरात लागतात. विसाव्या शतकाच्या शेवटी संगणकावर मराठी बसवणाऱ्या आपल्या अभियंत्यांपुढे तोच प्रश्न होता. इंग्रजी अक्षरांसाठी असलेल्या दोनेकशे खणांत मराठी अक्षरांचे तुकडे कोंबायचे. अर्धा म एका खणात, काना दुसऱ्यात, पहिली वेलांटी तिसऱ्यात, रफार चौथ्यात. पडद्यावर ते तुकडे शेजारी शेजारी येऊन सुंदर मराठी दिसे. आतमध्ये मात्र मराठी नसेच. तिथे इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कालवा असे. कोणता तुकडा कोणत्या खणात, हे प्रत्येक कंपनीचे आपापले. फॉन्ट गेला की मजकूर गेला. त्या अभियंत्यांना मी दोष देत नाही. त्यांच्यामुळेच आमची कितीतरी पत्रके, लग्नपत्रिका आणि नियतकालिके निघाली. १९९१ मध्ये आलेल्या युनिकोडने प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक दिला खरा, परंतु तो आमच्या खेड्यातल्या संगणकापर्यंत पोहोचायला आणखी कितीतरी वर्षे लागली.

२०२० च्या टाळेबंदीत गाड्या थांबल्या आणि तो मुलगा वाडीवर अडकून पडला. त्यापूर्वीच कल्याणच्या एका दुरुस्तीच्या दुकानातून त्याने फ्लॉपी वाचणारे जुने यंत्र मिळवले होते. मिशनच्या ज्या संगणकाला मी भंगारात काढणार होतो, त्यावर त्याने लिनक्स बसवले आणि त्यावर एक्सएफसीई नावाचा हलका डेस्कटॉप. मी साशंक होतो. फुकट मिळणाऱ्या वस्तूविषयी आपल्याकडे एक तर हाव असते, नाही तर संशय.

त्याने माझी शब्दांची चूक सुधारली. "फुकट नाही फादर, मुक्त." फरक त्याने समजावून सांगितला तो असा की या प्रकारच्या आज्ञावलीसोबत तिची मूळ संहिताही मिळते. ती वाचता येते, बदलता येते, बदललेली दुसऱ्याला देता येते. या विचाराचे जनक रिचर्ड स्टॉलमन यांची कथा त्याने सांगितली, ती मला आवडली. अमेरिकेतील एमआयटीच्या प्रयोगशाळेत देणगीदाखल आलेला प्रिंटर वारंवार अडकायचा, आणि त्याची संहिता कोणी देईना म्हणून स्टॉलमनना तो सुधारता येईना. १९८३ मध्ये त्यांनी मुक्त संगणकप्रणालीची घोषणा केली. १९९१ मध्ये फिनलंडचा विद्यार्थी लिनस टॉरवल्ड्स याने तिला जोडता येईल असा गाभा लिहिला. योगायोग असा की आमच्या जुन्या संगणकावर लिनक्स बसल्यानंतर आठवडाभर प्रिंटरच चालला नाही. मी स्टॉलमनांचे नाव घेऊन मुलाला चिडवले. तो हसला नाही. आठव्या दिवशी प्रिंटर चालला. स्कॅनर अजूनही चालत नाही, हे प्रामाणिकपणे नोंदवून ठेवतो.

या मुक्त जगातील भांडणे ऐकताना माझ्यातला चर्च-इतिहासाचा विद्यार्थी जागा झाला. १९९६ मध्ये केडीई हा डेस्कटॉप सुरू झाला. पण ज्या पायावर तो उभा होता तो क्यूटी नावाचा संच तेव्हा पुरता मुक्त नाही, म्हणून १९९७ मध्ये दुसऱ्या गटाने ग्नोम सुरू केला. २०११ मध्ये ग्नोमने आपले रूप आमूलाग्र बदलले तर जुन्या रूपाच्या प्रेमिकांनी तेच उचलून माटे नावाने वेगळी चूल मांडली. २०१० मध्ये ओपनऑफिसमधून लिबरऑफिस निघाले. सेमिनरीत आम्हांला फाटाफुटीचा इतिहास शिकवला गेला तो खेदाच्या सुरात. इथे मात्र फाटा फोडण्याचा अधिकार परवान्यातच लिहिलेला! माझे मत विचाराल तर लिबरऑफिसचा फाटा फुटला हे बरे झाले. माझी जुनी कागदपत्रे उघडतात ती त्याच्यात. डेस्कटॉपच्या बाबतीत मात्र इतक्या चुली कशाला, हा प्रश्न सुटलेला नाही. सामान्य माणसाला चार सारख्या दारांसमोर उभे केले तर तो घरी परत जातो.

तर लिबरऑफिसमध्ये मास्तरांची फाइल उघडली, आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा, स्वल्पविरामांचा, डॉलरच्या चिन्हांचा ढीग दिसू लागला. तीनशे पानांचा ढीग. मला त्या क्षणी नाणेघाट आठवला. वैशाखरे गावाकडून मुरबाड बाजूने चढून गेले की माथ्यावर सातवाहनांची गुहा आहे. तिच्या भिंतीवरचा लेख दोन हजार वर्षे येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसत होता. राणीने यज्ञात दिलेल्या गाई, घोडे आणि नाणी त्यात आकड्यांनिशी मोजलेली आहेत. पण ब्राह्मी लिपी वाचणारे संपले आणि लेख नुसत्या रेघोट्या होऊन बसला. जेम्स प्रिन्सेपने १८३७ मध्ये ती लिपी उलगडली तेव्हा त्याला वाट दाखवली ती सांचीच्या छोट्या दानलेखांनी. बहुतेकांच्या शेवटी तीच दोन अक्षरे येतात, तर ती 'दानं' असावीत, असा त्याने तर्क केला.

आमचे सांची मास्तरांच्या घरात सापडले. मी १९९९ मध्ये दिलेली ती छापील बारा पाने आजीने पत्र्याच्या पेटीत, लग्नातल्या लुगड्याखाली जपून ठेवली होती. तिला वाचता येत नाही. "मालकांचं नाव हाय त्याच्यावर," एवढेच ती म्हणाली. ती पाने आणि पडद्यावरचा ढीग शेजारी ठेवून मुलाने एकेक तुकडा ओळखायला सुरुवात केली. 'आणि' हा शब्द सर्वांत आधी सापडला.

इथे भाषेचा प्रश्न आला. मराठी किंवा कातकरी नव्हे, संगणकाशी बोलण्याच्या भाषेचा. डिप्लोमात त्याला सी, सी प्लस प्लस आणि जावा शिकवले होते. सी ही बेल प्रयोगशाळेत १९७० च्या दशकाच्या आरंभी डेनिस रिची यांनी घडवली. लिनक्सचा गाभा तिच्यात आहे, ग्नोमचा पाया तिच्यात आहे. केडीई सी प्लस प्लसमध्ये. त्याने मला सीमधले एक पान दाखवले. महिरपी कंस, तारका, अर्धविराम. आमच्या जुन्या लॅटिन व्याकरणाइतके ते काटेकोर असेल, पण लॅटिन निदान मोठ्याने वाचता तरी येते. मग त्याने पायथॉनमध्ये लिहिलेले चाळीस ओळींचे काम दाखवले. गिडो व्हॅन रोसम या डच गृहस्थाने १९८९ च्या नाताळच्या सुटीत ही भाषा लिहायला घेतली, हे ऐकून मी माझे नाताळ कसे जातात याचा विचार केला. तिच्यात कंसांऐवजी ओळ किती आत सरकवली यावरून अर्थ ठरतो. आणि २००८ मध्ये आलेल्या तिच्या तिसऱ्या आवृत्तीपासून नावे देवनागरीतही देता येतात! मुलाने तशीच दिली होती. एका खणाचे नाव 'वेलांटी', दुसऱ्याचे 'रफार'. शेजारी मराठीत टीप: पहिली वेलांटी अक्षराच्या पुढून उचलून मागे न्यायची. जुन्या पॅकेजात ती जशी दिसते तशी आधी टंकलेली असे. युनिकोडमध्ये ती उच्चाराप्रमाणे व्यंजनानंतर येते. ते वाक्य मला समजले, म्हणून ती आज्ञावलीही समजली.

मी अधिकाऱ्याच्या आविर्भावात विचारले, "याने नोकरी मिळेल का?"

"नोकरी जावाने मिळेल, फादर. हे आजोबांसाठी."

पायथॉन सीपेक्षा हळू चालते, हे त्यानेच सांगितले. शिवाय नेहमी वापरली जाणारी पायथॉन स्वतः सीमध्येच लिहिलेली आहे. तेव्हा एकीची पूजा आणि दुसरीचा तिरस्कार करण्यात अर्थ नाही. पण ज्या कामात तीनशे पाने डोळ्याचे पाते लवते न लवते तोच होतात, तिथे वेगाची चिंता कोणाला? माझ्यासारख्याला महत्त्व आहे ते दुसऱ्या गोष्टीचे. लिहिणारा उद्या नोकरीसाठी बंगळुरूला गेला तर मागे राहिलेल्याला ते वाचता आणि दुरुस्त करता आले पाहिजे. संहिता उघडी असून ती वाचणारे चारच असतील, तर ती नाणेघाटच्या भिंतीसारखीच उघडी. म्हणून मुक्त आज्ञावली आणि सुबोध भाषा या दोन गोष्टी मला वेगळ्या वाटत नाहीत.

पहिल्यांदा आज्ञावली चालली तो दिवस मला आठवतो. ढिगाऱ्यातून मराठी उगवली. मास्तरांचा आवाज ऐकू यावा तशी वाक्ये येऊ लागली. मी वाचत गेलो आणि तिसऱ्या ओळीला अडखळलो. "आमी दर्यातली मानसं." पुढे पुन्हा, "दर्यातून वर आलो." सह्याद्रीच्या पायथ्याची वाडी बघता बघता कोळीवाडा झाली होती! जुन्या फॉन्टमध्ये 'दऱ्या' शब्दातल्या अर्ध्या र साठी, त्या पापणीसारख्या वळणासाठी, वेगळा तुकडा होता. मुलाने त्याला साधा अर्धा र समजून रफार करून टाकले होते. आचाऱ्यास आणि आचार्यास यांतला फरक शाळेत आपण हसत हसत शिकतो. यंत्राला तो शिकवावा लागतो. युनिकोडमध्ये मराठीच्या मदतीला आले आहे ते ऱ, द्राविडी भाषांतील उच्चारासाठी राखलेले नुक्त्याचे अक्षर. त्याचा पाय मोडला की आपली पापणी उमटते. तक्त्यात एक ओळ बदलली आणि मास्तरांची माणसे दर्यातून पुन्हा दऱ्यांत परतली. बंद पॅकेजात हीच चूक असती तर मी पत्र लिहून कोणत्या उत्तराची वाट पाहिली असती?

ही पापणी पडद्यावर नेमकी उमटवणारे जे साधन लिबरऑफिसमध्ये आणि लिनक्सवर काम करते त्याचे नाव हार्फबझ. फारसीत हर्फ म्हणजे अक्षर, बाझ म्हणजे उघडे. 'हर्फ' आपल्याही दप्तरात कधीकाळी होता.

आता थोडे कडू. आमच्याकडे २००१ पासून एमएस-सीआयटीचे वर्ग गावोगावी पोहोचले. त्यांनी हजारो मुलांची संगणकाची भीती घालवली, हे श्रेय त्यांचेच. पण त्यांत शिकवले गेले ते मुख्यत्वे विंडोज आणि ऑफिस, म्हणजे एका विशिष्ट दुकानातल्या वस्तू कशा हाताळाव्यात ते. दुसरे दुकान असते, किंवा वस्तू स्वतःही घडवता येते, ही कल्पना मुलांपर्यंत गेलीच नाही. मुरबाडला लागून असलेल्या कर्जत तालुक्यात, खैरात-धनगरवाडा या वस्तीवरच्या शाळेत, २००७ मध्ये भारतातला 'प्रत्येक मुलामागे एक लॅपटॉप' योजनेचा पहिला प्रयोग झाला. त्या हिरव्या-पांढऱ्या लॅपटॉपवरचा शुगर नावाचा डेस्कटॉप बहुतांशी पायथॉनमध्ये लिहिलेला होता, आणि कळफलकावर संहिता दाखवणारी एक स्वतंत्र कळ होती. धनगराच्या पोरासाठी अशी कळ ठेवणाऱ्याला मी मनोमन नमस्कार करतो. ती दाबल्यावर जे दिसेल ते समजावणारा शिक्षक मात्र कळीबरोबर पाठवता येत नाही. ती योजना पुढे जगभरच ओसरली. आता प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे, त्यातल्या अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सच आहे, पण ती कळ नाही.

शिक्षकाची उणीव थोडीफार भरून काढली ती मुंबईच्या आयआयटीच्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पाने. लिनक्स, लिबरऑफिस, पायथॉन यांवरचे छोटे छोटे पाठ, मराठी आवाजासह. आमच्या मुलाने ते टेकडीवर चढून, जिथे रेंज मिळते तिथे बसून उतरवून घेतले होते. इथे मला वाटते तो मार्ग खरा आहे. संगणकभाषेतील 'इफ' आणि 'फॉर' मराठी केल्याने फार काही साधत नाही. समजावणे मराठीत हवे. डेस्कटॉपच्या मेनूंचे मराठी रूपांतर अनेक स्वयंसेवकांनी विनामोबदला केले आहे, त्यांच्या कष्टांपुढे मी नम्र आहे. तरीही त्यांतले काही शब्द सरकारी परिपत्रकातून उठून आल्यासारखे वाटतात. मी मोठ्या हौसेने मिशनचा संगणक मराठीत करून घेतला. आठवड्याने पाहतो तर मुलाने तो इंग्रजीत केलेला. "मुलाखतीला इंग्रजीच विचारतात, फादर," तो म्हणाला. मी वाद घातला नाही. माझी प्रवचने मी मराठीत लिहितो, हिशेब मात्र इंग्रजीत ठेवतो.

सहापैकी पाच फ्लॉप्या वाचता आल्या. सहाव्या फ्लॉपीला बुरशी लागली होती. कोणतीही मुक्त आज्ञावली बुरशीपुढे काय करणार? तिच्यात लग्नातली शेवटची गाणी आणि एक लांब गोष्ट होती, वाडी पहिल्यांदा वसली त्याची. तीनशेपैकी सुमारे दोनशे साठ पाने हाती आली. गेल्या वर्षी आम्ही ती छापून, दोरा ओवून बांधली आणि वाडीवर नेली. मुलगा सुटी घेऊन आला होता. ओट्यावर बसून त्याने वाचायला सुरुवात केली. आजी ऐकत होती. दोन-तीन ठिकाणी तिने हात वर करून थांबवले, "आसं नव्हतं ते म्हणत," आणि योग्य शब्द सांगितला. मुलाने लॅपटॉप उघडून तो तिथल्या तिथे दुरुस्त केला.

वाचन संपल्यावर मी तिला सहाव्या फ्लॉपीचे सांगितले. चूक माझी होती, हेही सांगितले. ती काही बोलली नाही. मुलाने मोबाइल तिच्यासमोर ठेवला, आवाज टिपण्याची कळ दाबली आणि म्हणाला, "आजी, वाडीची गोष्ट तू सांग." तिने पदर सारखा केला आणि सुरुवात केली. मास्तरांनी मला सांगितलेली गोष्ट एका पुरुषापासून सुरू होत असे, एवढे मला आठवत होते. आजीची गोष्ट सुरू झाली ती डोक्यावर मडके घेऊन दरी चढणाऱ्या एका बाईपासून.